तिला चालेल अशी जागा

चाखणकर हे काही खरं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं दूध चाखून पोट भरलेल्या माणसाला डेअरीतल्या लोकांनी ते चिकटवलं, आणि आता त्यांचं खरं आडनाव पोस्टमन सोडला तर कुणाच्या लक्षात नव्हतं. कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, चमचाभर दूध तोंडात घोळवायचं, जीभ एकदा टाळूला लावायची आणि थुंकून टाकायचं, एवढंच काम. पण तेवढ्यात ते सांगायचे, की ही गाय काल कांद्याच्या पातीत शिरली होती, किंवा हा कॅन साबणाने धुतलाय पण नीट विसळलेला नाही. यंत्रं आली, काचेच्या नळ्या आल्या, तरी शंका आली की साहेब लोक चाखणकरांनाच हाक मारत. या जिभेपायी त्यांनी कधी तंबाखूला हात लावला नाही, दुपारपर्यंत चहा घेतला नाही, आणि लग्नानंतर सासुरवाडीच्या पहिल्याच जेवणात कच्चा कांदा बाजूला काढून ठेवला म्हणून सासूबाई वर्षभर रुसल्या होत्या.

अशा माणसाच्या पोटी दुधाला शिवणार नाही अशी मुलगी यावी, याला नशीब म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

एकोणीस वर्षांची असताना ती बापाबरोबर एका गोठ्यावर गेली होती. वासरू नुकतंच विकून टाकलेलं, आणि गाय तीन दिवस हंबरत होती. घरी आल्यावर मुलीने दुधाची वाटी बाजूला सरकवली, दुसऱ्या दिवशी अंडं, मग महिन्याभराने मध. ‘व्हीगन’ हा शब्द घरात आला तो वर्षभरानंतर. तोवर तिची आई त्याला ‘हिचं ते नवीन’ असं म्हणायची.

चाखणकरांना वाटलं, हे आपल्या तोंडावर मारलेलं आहे. चारचौघांत ते हसून न्यायचे, “दिव्याखाली अंधार, दुसरं काय!” म्हणायचे, पण आत ठसठसत होतं. आणि मग चार वर्षांपूर्वी, मुलगी सुट्टीला आली असताना, त्यांना अवदसा आठवली. आईने तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात तेलावर घेवड्याची भाजी केली होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून चाखणकरांनी त्यात चमचाभर लोणी सोडलं. मुलीने भाजी दोनदा मागून घेतली, आईचं कौतुक केलं. शेवटचा घास तिच्या तोंडात गेल्यावर चाखणकरांनी टाळी वाजवली आणि हसत म्हणाले, “लोणी होतं त्यात! बघ, काही झालं का तुला?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, मोरीत बराच वेळ चुळा भरत राहिली, आणि परत येऊन म्हणाली, “बाबा, आता मला कुठलंच ताट डोळे मिटून खाता येणार नाही.”

त्यानंतर ती घरी आली ती फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा स्वतःचा डबा घेऊन. बाहेरच्या पायरीवर बसून खायची. आत बाप टेबलाशी, बाहेर लेक पायरीवर, आणि मध्ये दार सताड उघडं. चाखणकरांना त्या दोन्ही दिवशी घास गिळता आला नाही. माफी मागायची होती, पण जगभरच्या दुधाची पारख करणारी ती जीभ ऐन वेळी जागची हलेना. मग दिवस गेले, वर्षं गेली, आणि मुलगी फोनवर आईशी बोलायची तेव्हा चाखणकर शेजारी वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि एक ओळही वाचायचे नाहीत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना एका मोठ्या शहरातल्या डेअरीने बोलावलं. सहा नवे तपासनीस नेमले होते, त्यांना पंधरा दिवस चाखायला शिकवायचं होतं. मुलगी त्याच शहरात, चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात कामाला होती. चाखणकरांनी दुसऱ्या मिनिटाला होकार दिला. बॅग भरताना बायकोने बजावलं, “तिला भेटा. एकदा तरी एका टेबलाशी बसून जेवा दोघं. आणि हे बघा, तोंड फक्त जेवायला उघडा.”

पोचल्यावर दोन दिवस त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला.

“म्हटलं, एकदा जेवू या,” ते म्हणाले. “तू आणि मी.”

पलीकडून फक्त यंत्रांची घरघर येत होती.

“तुम्ही आणलेलं मी खाणार नाही, बाबा.”

“नको खाऊस.”

“आणि तुमच्या डेअरीच्या गेस्टहाऊसवर येणार नाही.”

“नको येऊस.”

“मला चालेल अशी एखादी जागा शोधा. नीट चौकशी करून. मिळाली की सांगा, मी येते.”

फोन ठेवल्यावर चाखणकर गेस्टहाऊसच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून राहिले. ‘शोधा’ म्हणाली. ‘नाही’ म्हणाली नाही. आपल्याला हे जमेल असं तिला वाटतंय, की जमणार नाही हे माहीत असूनच तिने सांगितलं, याचा त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मग बूट चढवले.

डेअरीचं काम पहाटे सुरू होऊन अकराला आटपायचं. त्यानंतर अख्खी दुपार त्यांचीच होती. शोधाच्या पहिल्या दिवशी ते चौकातल्या मोठ्या काचेच्या हॉटेलात शिरले. वेटर अदबीने पुढे आला.

“इथे प्राण्याचं काही नसलेलं जेवण मिळेल?”

“शंभर टक्के, साहेब. मांस-मासळी सोडा, अंड्याचं टरफलसुद्धा आत येत नाही.”

“आणि दूध?”

“भरपूर! सांगाल त्यात घालून देतो.”

दुसऱ्या दिवशी एका दारावर हिरवं पान रंगवलेलं दिसलं. आत लाकडी टेबलं, कुंड्या, सगळं नीटनेटकं. खिडकीजवळ दोघांचं एक टेबल होतं. इथे ती बसेल, इकडे आपण, म्हणजे उजेड तिच्या तोंडावर पडेल, असं चाखणकरांनी मनात ठरवूनही टाकलं. मग पाव आणि टोमॅटोचं सूप मागवलं. सूप चोख निघालं. पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि जीभ टाळूला लागली.

“यात लोणी आहे,” त्यांनी आतून आलेल्या मालकाला सांगितलं.

“नाही हो! पावात काही नाही.”

“भाजताना तव्यावर.”

“हां, तव्यावर आहे. पण पावात नाही ना!”

या युक्तिवादापुढे चाखणकर हात टेकून बाहेर पडले. आणखी दोन ठिकाणी असंच झालं. एकीकडे लोणी नव्हतं तर मिठाईत मध होता, दुसरीकडे भाजीत काही नव्हतं तर ती वाढणारा चमचा थेट दह्याच्या भांड्यातून आला होता. एका मोठ्या झगमगीत जागी सगळं खरंच तिला चालणारं होतं. ताटात तीन पानं आणि चटणीचा एक थेंब येत होता खरा, पण तो थेंब निर्मळ होता. तिथे पुढच्या महिन्यापर्यंत एकही खुर्ची मोकळी नव्हती. चाखणकरांनी दाराशी उभ्या असलेल्या बाईंना विनवून पाहिलं, की कोपऱ्यात दोन स्टुलं टाका, आम्ही पाऊण तासात उठतो. बाईंनी गोड हसून नकार दिला.

खरं सांगायचं तर ते आतापर्यंत ताकाला जाऊन भांडं लपवत होते. आपल्यालाच पथ्य आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, असं काहीबाही बोलायचे. पाचव्या दुपारी एका छोट्या खानावळीत त्यांना या खोटेपणाचा कंटाळा आला. त्यांनी तिथल्या आचाऱ्याला सरळ सांगून टाकलं, “माझी मुलगी खात नाही. मी तिला एकदा फसवून लोणी खायला घातलंय. आता तिच्याबरोबर जेवायचंय, आणि या वेळी काही चुकायला नको.”

आचारी जाडजूड, घामाघूम झालेला. त्याने कढईखालचा गॅस बंद केला. चाखणकरांना ओट्यापाशी नेऊन एकेक भांडं दाखवलं, आणि मग मान हलवली.

“काका, मी तुम्हाला हो म्हणून सांगेन, ती येईल, खाईल, कळणारही नाही तिला. पण माझ्याकडे एकच झारा सगळ्या कढयांत फिरतो. तिला इथे आणू नका.”

चाखणकरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. एवढ्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच कुणी खरं सांगितलं होतं. त्यांनी तिथेच बसून एकट्याने जेवण केलं. शेजारच्या टेबलाशी एक बाप आणि त्याची पोरगी एकाच ताटलीतले बटाट्याचे काप उचलत होते. शेवटच्या कापावर दोघांचा हात एकदम गेला आणि बापाने मागे घेतला. चाखणकरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आपली लेक कशी जेवते ते त्यांना आठवत होतं. पावाची कड आधी खायची, मधला मऊ भाग शेवटाला राखून ठेवायची, आणि कुणी त्याकडे नुसतं पाहिलं तरी हाताने झाकायची. अजून तशीच जेवते का, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं त्या दुपारी त्यांना सहन होईना.

बायकोचा फोन रोज यायचा. “मिळाली का जागा?”

“नाही.”

“अहो, थोडं इकडेतिकडे असलं तर कुणाला कळतंय?”

“मला कळतं,” चाखणकर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी शहराचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. सोयाबीनचं दूध प्यायले, ओटचं प्यायले, काजूचं सायीसारखं काहीतरी चाटून पाहिलं. सहा शिकाऊ तपासनिसांपुढे आपण हे केलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं, असं वाटून त्यांना हसूही आलं. बदामाच्या दुधाला मात्र त्यांनी मनातल्या मनात पास केलं. त्यात गाय नव्हती, पण लबाडीही नव्हती. पायांना फोड आले, तोंडाची चव गेल्यासारखी झाली, आणि जागा काही मिळाली नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. इथे तोंड मुलीचं पोळलं होतं आणि फुंकत बाप फिरत होता.

बाराव्या दिवशी त्यांनी मुलीला फोन केला.

“नाही मिळाली,” ते म्हणाले. मग न राहवून सगळं सांगितलं. हिरव्या पानाच्या हॉटेलातला पाव, मधाची मिठाई, दह्याचा चमचा, कुठे काय, कुठे का नाही. आपण रडगाणं गातोय असं वाटून मध्येच थांबले.

“तव्यापर्यंत विचारलंत?” तिने विचारलं.

“तव्यापर्यंत. झाऱ्यापर्यंत.”

ती म्हणाली, “असं करा, माझ्या जागी या. मी रोज जेवते तिथे. शुक्रवारी, साडेबारा वाजता. मला पाऊण तासाची सुट्टी असते.”

शनिवारी सकाळी चाखणकरांची परतीची गाडी होती. शुक्रवारी त्यांनी दोनदा दाढी केली.

जागा कारखान्याच्या मागच्या गल्लीत, पाच पायऱ्या उतरून तळघरात होती. पाच टेबलं, पांढरा चुना दिलेल्या भिंती, आणि उघड्या स्वयंपाकघरात एक साठीची बाई. तिला सगळे मावशी म्हणत. मुलगी आधीच येऊन बसली होती. निळा कोट, केसांवर भिंगाची पांढरी भुकटी, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं एक जाड, छोटं भिंग. वाळली होती. चाखणकरांना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

“हेच का ते दूधवाले?” मावशींनी तिथूनच विचारलं.

“हेच,” मुलगी म्हणाली.

“या, बसा. घाबरू नका, माझ्या स्वयंपाकघराला दूध माहीत नाही.”

मुलगी हळूच म्हणाली, “तीन वर्षांपूर्वी मला ताप आला होता, नवी नवी होते इथे. मावशी दोन वेळचं जेवण माझ्या खोलीवर आणून द्यायच्या, तीन जिने चढून. तेव्हापासून इथेच जेवते. बाबा, ही एकच जागा आहे जिथे मी विचारत नाही. समोर येईल ते खाते.”

भोपळ्याचं सूप आलं, टोपलीभर पाव आला. मुलीने पावाची कड मोडली, आणि मधला भाग ताटलीच्या कडेला नीट ठेवून दिला. ते पाहून चाखणकरांनी घाईने सुपाचा चमचा तोंडात घातला. सूप इतकं कढत होतं की पहिल्या चमच्याला काही कळलंच नाही.

“नवीन काम मिळालंय मला,” मुलगी सांगत होती. “ज्यांना अगदीच कमी दिसतं त्यांची भिंगं. हाताने करावी लागतात. एक भिंग म्हणजे दोन दिवस.”

“डोळ्यांना त्रास नाही ना होत?”

“होतो. पण परवा एक आजोबा आले होते, त्यांनी भिंग लावलं आणि स्वतःचा हात बघत बसले. नखं बघितली. म्हणाले, केवढी वाढलीत.”

ती हसली. चार वर्षांनी ती बापाकडे बघून हसली, आणि चाखणकरांनी दुसरा चमचा घेतला, आणि त्यांची जीभ टाळूला लागली.

दूध.

लोणी नव्हे, साय नव्हे. दुधाची भुकटी, उकळून आटवून सुकवलेली, जिभेच्या मुळाशी बारीकसा गोडवा मागे सोडणारी. चिमूटभरच असेल. या शहरात, या तळघरात, बहुधा या जगात तेवढी चिमूट ओळखणारं एकच तोंड होतं आणि ते इथे येऊन बसलं होतं. चाखणकरांनी तिसरा चमचा घेतला. आपल्याला भास झाला असावा अशी त्यांनी प्रार्थना केली. भास नव्हता.

मुलगी सुपात चमचा फिरवत होती.

सांगितलं तर काय होणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. तिला वाटेल, बापाची खोड अजून गेली नाही, तो पुन्हा तिची फजिती करायला बसलाय. आणि विश्वास बसला, तर आणखी वाईट. तीन वर्षं ती डोळे मिटून इथे जेवली होती; ही एक जागा गेली की या एवढ्या शहरात तिला पाठ टेकायला काही उरणार नव्हतं. मावशीही जाणार. आणि आपण? आपण चार वर्षं या एका टेबलासाठी तळमळलो, ते टेबल समोर आहे, लेक समोर आहे, ती बोलते आहे. गप्प बसलं तर काय बिघडतं? उद्या गाडीत बसायचं. ‘तोंड फक्त जेवायला उघडा.’ त्यांनी चौथा चमचा घेतला. तो घशाखाली उतरला, आणि त्याबरोबर त्यांना ती टाळी आठवली. तेव्हा त्यांनी तिला न सांगता खायला घातलं होतं. आताही तेच चाललं होतं, फक्त या वेळी हसणं नव्हतं.

“थांब,” ते म्हणाले. “खाऊ नकोस. यात दूध आहे.”

मुलीने चमचा खाली ठेवला.

मावशींनी ऐकलं होतं. त्या पदराला हात पुसत तरातरा आल्या. “काय म्हणालात? माझ्याकडे? अहो, दुधाचा थेंब आत येत नाही माझ्या! पोरीसमोर असलं बोलवतं तरी कसं तुम्हाला? एकदा केलंत ते पुरलं नाही?”

चाखणकरांनी मान खाली घातली.

“मावशी,” मुलगी म्हणाली, “बाबा म्हणतायत म्हणजे आहे. सुपात काय काय घालता ते दाखवा मला.”

चाखणकरांनी मान वर केली. अजून काही तपासलं नव्हतं, काही सिद्ध झालं नव्हतं, आणि ती उठून स्वयंपाकघराकडे निघालीसुद्धा होती.

भोपळा, मीठ, मिरी, तेल, आणि सूप घट्ट करायच्या पावडरीचा एक पिवळा डबा. डब्यावर भाज्यांची चित्रं होती. मुलीने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि डबा फिरवत फिरवत तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांपाशी थांबली. “मक्याचं पीठ, मीठ, साखर,” तिने वाचलं, “दुधाची भुकटी.”

मावशी स्टुलावर बसल्या. “भाज्यांचा डबा आहे गं तो,” त्या म्हणाल्या. “चित्रं बघूनच घेतला मी. पहिल्या दिवसापासून हाच घेतेय.” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मुलगी त्यांच्याजवळ वाकली, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही मुद्दाम नाही ना केलंत.” तो ‘मुद्दाम’ शब्द चाखणकरांना टेबलापर्यंत ऐकू आला.

सूप तसंच राहिलं, पावही तसाच राहिला. दोघं वर गल्लीत आली तेव्हा सुट्टीची दहा मिनिटं उरली होती. मुलीचे डोळे लाल झाले होते. दोघांच्याही पोटात कावळे कोकलत होते. कारखान्याच्या फाटकाशी येऊन ती थांबली.

“त्या दिवशी हसला होतात तुम्ही,” ती म्हणाली. “आज का नाही हसलात?”

“आज मला जेवायचं होतं गं तुझ्याबरोबर,” चाखणकर म्हणाले. “चार वर्षं तेवढंच हवं होतं. त्या दिवसाची मला लाज वाटते. तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगता आलं नाही.” ते थांबले. आता अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता. “आणि आजही मी लगेच बोललो नाही. दुसऱ्याच चमच्याला कळलं होतं मला. त्यानंतर दोन चमचे गप्प बसलो. वाटलं, जेवून घेऊ, मग बघू.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुमची जीभ टाळूला लागली की हनुवटी अशी वर जाते. लहानपणापासून बघतेय, बाबा. दुसऱ्या चमच्यालाच कळलं मला. मग मी सूप खाल्लंच नाही. ढवळत बसले. तुम्ही सांगताय की नाही, ते बघत.”

चाखणकरांचा हात हनुवटीकडे गेला. “आणि नसतं सांगितलं तर?”

“तर सगळं संपवलं असतं मी,” ती म्हणाली. “वाटी पुसून. तुम्हाला नीट निरोप दिला असता. आणि पुन्हा कधी तुमचा फोन उचलला नसता.”

आत घंटा झाली. निळ्या कोटातली माणसं दोघांच्या बाजूने घाईघाईने फाटकात शिरू लागली. मुलीने बाहीने डोळे पुसले, दोन पावलं आत गेली आणि वळली.

“उद्याची गाडी किती वाजता?”

“आठ दहाची.”

“त्यानंतरची कधी असते?”

‘रोज असते,’ असं चाखणकरांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याची त्यांनी कधी चौकशी केलेली नव्हती.

“ठाऊक नाही मला,” ते म्हणाले. “पण विचारतो. आत्ता जाऊन विचारतो.”